सावरीच्या वळणावरचं नेटवर्क

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना अखेरपर्यंत नीट सांगता आलं नाही. वॉर्डातल्या बुद्धविहारात कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "सूनबाई सरकारी नोकरीत हाये. पोत्याजवळ बसते." मला तेव्हा राग यायचा. आता निवृत्त होऊन बल्लारपूरच्या घरी बसल्यावर वाटतं, गोदामपालाचं काम याहून कमी शब्दांत कोणी सांगू शकणार नाही. मी पोत्यांजवळच बसत होते. पोती गहू-तांदळाची होती आणि सगळ्या तालुक्याची होती, एवढंच.

ज्यांनी सरकारी गोदाम आतून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. रेशनचं धान्य मोठ्या गोदामातून ट्रकनं तालुक्याच्या गोदामात येतं आणि तिथून गावोगावच्या कंट्रोलला जातं. आमच्याकडं रेशन दुकानाला कंट्रोल म्हणतात आणि ते चालवणाऱ्याला कंट्रोलवाला. या मधल्या मुक्कामात धान्य जसं आलं तसंच राहिलं पाहिजे, हे गोदामपालाचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण तांदळावर सगळ्यांचाच डोळा असतो. ओल टपलेली असते, सोंडे किडे टपलेले असतात, उंदीर, घुशी, कबुतरं, आणि काही दोन पायांची मंडळी, ज्यांच्याविषयी सणासुदीच्या अंकात लिहिणं बरं नाही. म्हणून पोती थेट जमिनीवर ठेवायची नाहीत, भिंतीला टेकवायची नाहीत, थप्पी रचताना आडवी-उभी गुंतवून रचायची, किडे दिसले की ताडपत्रीखाली धुरी द्यायची. एवढं सगळं केलं तरी पाऊस कुठून आत येईल ते सांगता येत नाही.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं जिवतीला गेली. जिवती म्हणजे आमच्या जिल्ह्यातला डोंगरावरचा तालुका, पलीकडे तेलंगण. बदलीचा आदेश आला तेव्हा बल्लारपूरच्या शेजारणी मला भेटायला आल्या आणि मयतीच्या घरी बसतात तशा गप्प बसल्या. एकीनं तर जाताना माझा हात हातात घेऊन, "जीवाले जप माय," असं सांगितलं. प्रत्यक्षात मी तिथं रमले. हवा छान, माणसं बोलकी, आणि साहेब लोक घाट चढून सहसा येत नाहीत. सरकारी नोकरीत याहून जास्त काय मागावं?

तर अशा या गोदामात एके दिवशी वरून पत्र आलं. धान्याचा साठा आणि त्याला जोडलेलं संगणकांचं जाळं, या दोन्ही गोष्टी देशाच्या अत्यंत महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणेत मोडतात, त्यांवर शत्रूचा डोळा असू शकतो, सबब संबंधित कर्मचाऱ्यांनी अहोरात्र सतर्क राहावे, असा त्याचा मजकूर. संबंधित कर्मचारी म्हणजे मीच. माझी छाती अशी फुलली की मी हमालांना गोळा करून ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांच्या मागं सत्तारभाई बसले होते. सत्तारभाई म्हणजे आमचे ट्रकवाले. घाटात गाडी चालवण्यात उमर गेलेली, बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. त्यांनी पत्र संपेपर्यंत शांतपणे विडी ओढली आणि वर पत्र्याकडं बघून म्हणाले, "बाई, इतने इम्पॉर्टन्ट हाओत आपण, तं मंग छप्पर काऊन गळून राह्यलं?"

त्याचं उत्तर पत्रात नव्हतं.

आता ते संगणकांचं जाळं. आमच्या गोदामात एक संगणक होता. त्याला येणारी वायर तीन खांब आणि एक बाभूळ यांच्या आधारानं यायची. गोदामात डोळे दिपतील एवढा तांदूळ, पण उंदरानं कुरतडली ती ही वायर. तांदळाला तोंड लावलं नाही. मी रीतसर कळवलं की जाळं बंद आहे. तिकडून विचारणा झाली की हल्ला अंतर्गत आहे की बाह्य. मी लिहिलं, "अंतर्गत. हल्लेखोर गोदामातच राहतो." यावर बरेच दिवस काही आलं नाही. मग एक माणूस आला, वायर जोडून गेला आणि जाताना मांजर पाळा म्हणाला. मला वाटतं, नोकरीभरात संगणकाच्या सुरक्षेवर मिळालेला हाच एक कामाचा सल्ला.

दुसरा विषय पासवर्डचा. तो दर महिन्याला बदलायचा, त्यात मोठं अक्षर, आकडा आणि एखादं चिन्ह हवं, आणि तो कुणालाही सांगायचा नाही, असा नियम होता. मी तो अगदी कसोशीनं पाळला. आमच्याकडच्या नद्यांची नावं एकेक करून वापरली. पुढं एकदा तपासणीत विचारलं गेलं की पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे. मी ठणकावून सांगितलं, "फक्त मला." तर मागून सत्तारभाई म्हणाले, "साब, सगळ्यायले मालूम हाये. बाई टाइप करतानी मोठ्यानं बोलतेत."

हे खरं होतं. मला ती सवय आहे. आजही मी मोबाइलवर काही लिहिताना घरचे लोक दुसऱ्या खोलीतून ऐकतात.

गोदामाचं असं, तर गावांचं काय विचारता. कंट्रोलवाल्याकडं अंगठ्याची मशीन असते. माणसानं मशीनवर अंगठा टेकायचा, मशीननं तो दूर कुठं असलेल्या मोठ्या संगणकाला दाखवायचा, तिकडून होकार आला की धान्य द्यायचं. म्हणजे माणूस समोर उभा, धान्य समोर ठेवलेलं, दोघांमध्ये हात दोन हात अंतर, पण परवानगी यायची ती शेकडो कोसांवरून. आणि ती यायला नेटवर्क पाहिजे. डोंगरातल्या गुड्यांवर नेटवर्क नाही. गुडा म्हणजे आदिवासींची वस्ती.

मग लोकांनी आपला मार्ग काढला. वरगुडा नावाच्या वस्तीजवळ घाटाचं एक वळण आहे आणि त्या वळणावर काटेसावरीचं भलंमोठं झाड. त्या झाडाखाली नेटवर्क यायचं. का यायचं ते कोणाला माहीत नाही, पण यायचं. महिन्याच्या वाटपाला आसपासच्या सगळ्या वस्त्यांचे कंट्रोलवाले आपापल्या मशीन घेऊन त्या वळणावर बसायचे. माणसं तिथं अंगठे द्यायची आणि पावती घेऊन खाली वस्तीवरच्या दुकानातून धान्य उचलायची. माणसं जमली म्हणून एकानं चहा सुरू केला. चहा आला म्हणून भजी आली. भजी आली म्हणून बांगड्यावाली आली. माझ्या डोळ्यांदेखत तिथं चांगला बाजार भरू लागला. नेटवर्क नसलं तरी लोक यायचे.

या बाजाराचा कर्ताधर्ता म्हणजे वरगुड्याचा कंट्रोलवाला नत्थूभाऊ. डोकं सारखं चालणारा माणूस. त्यानं असं केलं होतं, की एक मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवी लांब बांबूच्या शेंड्याला बांधायची आणि बांबू सावरीला टेकवून उभा करायचा. वर मोबाइलला नेटवर्क मिळायचं, त्यावरून खालच्या मशीन चालायच्या. नेटवर्क हललं की नत्थूभाऊ खालून बांबू हलवायचा. "डावीकडं घ्या," "थोडा वर," अशा लोक सूचना करायचे. देशाची पायाभूत यंत्रणा हीच.

आता लच्चूबाईबद्दल सांगते. वरगुड्याची कोलाम जमातीची म्हातारी, एकटी. टोपल्या-सुपं विणून राहायची. जन्मभर बांबूच्या कामट्या सोलून तिचा अंगठा असा गुळगुळीत झाला होता, की मशीनला त्यात काही दिसायचंच नाही. दर महिन्याला मशीन म्हणायची, जुळत नाही. ज्यांचा अंगठा जुळत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा असतात, नाही असं नाही. मोबाइलवर आकडा येतो, पण तिच्याकडं मोबाइल नव्हता. डोळा बघणारं यंत्र असतं, तेही तालुक्यात एक आलं होतं आणि लगेच दुरुस्तीला गेलं होतं. आणि एखाद्या कार्डावर लागोपाठ काही महिने धान्य उचललं गेलं नाही, की संगणक काय समजतो, तर हा माणूस एक तर वारला किंवा श्रीमंत झाला. मग कार्ड बंद होतं.

नत्थूभाऊनं मला निरोप पाठवला होता, "बाई, ह्या महिन्यात बी उचल नाई झाली तं बुढीचं कार्ड जाते." पिवळं कार्ड, महिन्याला पस्तीस किलो. ते गेलं तर म्हातारीनं खायचं काय? म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः वळणावर जायचं ठरवलं. मशीनवर मी काही वेगळी जादू करणार नव्हते. पण आपण गेलो तर बरं, एवढंच वाटत होतं.

नेमक्या त्याच दिवशी सकाळी गोदामाशी जीप येऊन थांबली आणि ऋता मॅडम उतरल्या.

ऋता मॅडम मुंबईच्या. संगणक सुरक्षेच्या तज्ज्ञ. वय माझ्या लेकीएवढं, पाठीवर सॅक, बोलणं भराभरा आणि गोड. दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्यात सराव होता, त्यासाठी त्या आल्या होत्या. सराव म्हणजे खोटं संकट. त्यांनी मला कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं, "गृहीत धरा, की शत्रूने धान्य वितरणाचे संपूर्ण संगणकीय जाळे बंद पाडले आहे."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "पुढं?" मी विचारलं.

"पुढं म्हणजे, अशा वेळी तुम्ही काय कराल ते आम्ही बघणार."

"म्हणजे रोज करतो तेच ना?"

मॅडमना वाटलं, मी चेष्टा करते आहे. मी चेष्टा करत नव्हते. सत्तारभाई हसू दाबायला ट्रकच्या मागं गेले. मॅडम बिचाऱ्या समजावून सांगू लागल्या, की जाळं बंद पडणं म्हणजे फार मोठी आपत्ती असते, सगळं ठप्प होतं, लोक गोंधळतात. मी म्हटलं, "मॅडम, आमचे लोक नेटवर्क आलं की गोंधळतात." पण बोलून उपयोग नव्हता, म्हणून म्हटलं, चला, दाखवतेच. वरगुड्याला जायचा ट्रक निघालाच होता. त्यांनी जीप गोदामाशी सोडली आणि आम्ही दोघी सत्तारभाईंच्या शेजारी बसलो.

वळणावर शेवटच्या दिवसाची गर्दी होती. भज्यांचा घाणा निघत होता. लच्चूबाई झाडापासून थोडी दूर, रिकामं पोतं मांडीवर घेऊन उकिडवी बसली होती. मॅडमनी आधी झाडाकडं पाहिलं, मग बांबूकडं, मग बांबूच्या टोकावरच्या पिशवीकडं. खाली सात-आठ मशीन ओळीनं मांडलेल्या.

"हे सगळं एकाच ठिकाणी?" त्या म्हणाल्या. "इथं काही झालं तर सगळ्याच वस्त्यांचं वाटप थांबेल!"

"इथी का होते मॅडम?" नत्थूभाऊ म्हणाला. "इतके वर्ष झाले, काई नाई झालं."

मला हे नमूद केलंच पाहिजे की त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं. मला तेव्हा पटलं नाही. मी मनात म्हटलं, आल्या मुंबईहून.

नत्थूभाऊनं लच्चूबाईला पुढं बोलावलं. तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं पुसला, मशीनवर टेकवला. मशीननं विचार केला. जुळत नाही. पुन्हा टेकवला. या वेळी मशीननं जुळत नाही असंही सांगितलं नाही, पडद्यावर नुसतं चक्र गोल फिरत राहिलं.

मॅडम वाकून बघत होत्या. "सिग्नल खूपच कमी आहे. पूर्ण मिळाला तर कदाचित होईल. हा बांबू अजून थोडा वर जातो का?"

मुंबईच्या मॅडमनी आपल्या यंत्राला हात घालायचा मान दिला म्हटल्यावर नत्थूभाऊ खुलला. "काऊन नाई जाणार!" तो म्हणाला, आणि दोघांना हाताशी घेऊन त्यानं बांबू उचलला. बुडाखाली दगड सरकवला. त्यावर दुसरा दगड. पिशवी सावरीच्या फांद्यांमध्ये शिरली. "सिग्नल वाढून राह्यला!" कोणी तरी ओरडलं. नत्थूभाऊला आणखी चेव आला. त्यानं बांबू छातीशी घेतला आणि जोर लावून आणखी वर रेटला.

वर फांदीला आग्या मोहोळ होतं.

ते होतं हे सगळ्यांना माहीत होतं, हे महत्त्वाचं. दर वर्षी सावर फुलली की ते तिथं लागायचं आणि लोक त्याच्याखाली बसून भजी खायचे. कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हतं. पण नेटवर्कच्या नादात कोणाला आठवण राहिली नाही.

पुढचं वर्णन मी क्रमानं करू शकत नाही, कारण मी पळत होते. एवढं आठवतं की बांबू पडला, मशीन पडल्या, भज्यांची कढई तशीच राहिली आणि भजीवाला तिच्यावरून उडी मारून गेला. बांगड्यावाली टोपली सोडून धावली, मग टोपलीसाठी परत आली, मग पुन्हा धावली. नत्थूभाऊ नाल्यात शिरला. नाल्यात पाणी टाचेएवढं, त्यात तो आडवा पडला आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत राहिला. मी डोक्यावर बारदाना, म्हणजे रिकामं पोतं, ओढलं होतं, त्यामुळं मला दिसत काही नव्हतं. मॅडमनी माझा पदर धरला होता आणि त्या मला, "कुठे चाललोय? कुठे चाललोय?" असं विचारत होत्या. तेवढ्यात सत्तारभाईंचा आवाज आला, "बाई, इधर! गाडीत!" आणि आम्ही दोघी ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन पडलो. काचा वर गेल्या. बाहेर सगळं गुणगुणत होतं.

थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. बाहेर लच्चूबाई उभी. ती पळालीच नव्हती. पदर डोक्यावरून घेऊन जिथल्या तिथं मुकाट बसून राहिली होती, आणि मग सावकाश चालत आली होती. "दार उघडा नं," ती म्हणाली, "मी का बाहेरच बसू?" तिला सत्तारभाईंनी आत ओढलं. तिला एकही माशी चावली नव्हती.

आम्हाला चावल्या होत्या. माझा कान तापला होता. मॅडमचा एक डोळा बंद झाला होता आणि वरचा ओठ सुजून त्यांना प आणि ब म्हणता येईना. तरी त्यांनी आधी काय विचारलं असेल? "मशीन?"

मशीन झाडाखाली होत्या. त्यांच्यावर माश्या होत्या. अंधार पडेपर्यंत तिकडं कोणी फिरकणार नव्हतं आणि महिना आज संपत होता. मी मॅडमना लच्चूबाईच्या कार्डाचं सांगितलं. त्या एका डोळ्यानं तिच्याकडं बघत राहिल्या. लच्चूबाई केबिनमध्ये पहिल्यांदाच बसली असावी, ती गाडीच्या आरशाच्या झुरमुळ्या बघत होती.

मला एकदम सुचलं. "मॅडम, तुमच्या सरावाच्या कागदात असं आहे ना, की जाळं बंद पडलं तर धान्य कसं वाटायचं?"

"आहे ना. ओळखीचे दोन साक्षीदार घ्यायचे, हातानं नोंद करायची आणि द्यायचं."

"अंगठा?"

"त्यात अंगठा नाही. जाळंच नाही असं गृहीत आहे."

"मग करा सुरू."

"फण सराव उद्या आहे!"

"शत्रू काय तारीख विचारून येतो?"

"नाही, असं नाही करता येत. मला वरिष्ठांना विचारायला हवं."

"विचारा."

त्यांनी फोन काढला. हात लांब करून धरला, काचेला लावला, खाली आणला. "नेटवर्क नाही," त्या म्हणाल्या.

"मग झालाच की सुरू," मी म्हटलं.

सत्तारभाईंनी गाडीला किल्ली मारली. मॅडम आधी हसायला लागल्या, मग सुजलेला ओठ दुखला म्हणून कळवळल्या, मग पुन्हा हसल्या. आणि घड्याळाकडं बघून, शक्य तेवढ्या अधिकृत आवाजात त्यांनी जाहीर केलं की शत्रूनं वरगुडा परिसरातलं जाळं आत्ता या क्षणी बंद पाडलं आहे. "खोटं खोटं," असंही त्यांनी नियमाप्रमाणं पुढं जोडलं.

खाली वस्तीवर नत्थूभाऊचं दुकान उघडलं. तो नाल्यातून आला, चिखलानं माखलेला. लोकांना बोलावलं आणि मॅडमनी समजावलं की हा सराव आहे, नेट बंद आहे असं आपण समजायचं. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. एक म्हातारा म्हणाला, "समजाचं कायले? बंदच तं हाये." मॅडम म्हणाल्या, "हो, फण आफण तसं समजायचं." म्हाताऱ्यानं मुंबईच्या बाईचं मन मोडलं नाही. "बरं बापा, समजलो," म्हणाला.

असं वाटप मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. साक्षीदार व्हायला लोकांची झुंबड. मॅडमनी फक्त एवढंच विचारायचं होतं, की हा तोच माणूस आहे ना. पण इतक्या वर्षांत सरकारनं कोणाला कोणाविषयी पहिल्यांदाच विचारलं होतं, तेव्हा लोकांनी पोटभर सांगितलं. "हा तोच हाये. बायकोसंग भांडते, पण हाये तोच." "हिले मी वळखतो. माया साळीची नणंद होय. सैपाक खारट करते." मॅडम एक डोळा मिटून सगळं लिहून घेत होत्या.

लच्चूबाईची पाळी आली. मॅडमनी विचारलं, "यांना कोण ओळखतं?"

सगळे उलट मॅडमकडंच बघू लागले. मला वाटलं, आता हे काय? मग नत्थूभाऊ म्हणाला, "मॅडम, असं का विचारून राह्यल्या? मले पयले हात हिनंच लावला. मी उलटा होतो म्हणे." मागून एक बाई म्हणाली, माझीही पोरं हिच्याच हातची. मग आणखी एक. वस्तीत जन्मलेलं जवळजवळ कोणीच तिच्या हाताविना जन्मलं नव्हतं. मॅडमनी साक्षीदाराच्या दोन रिकाम्या जागांकडं पाहिलं आणि कोणाची नावं घालावीत हे त्यांना कळेना.

काट्यावर पस्तीस किलो धान्य भरलं. सत्तारभाईंनी पोतं स्वतः पाठीवर घेतलं आणि तिच्या झोपडीत नेऊन ठेवलं. ते कोणाचं पोतं कधी उचलायचे नाहीत, मी ड्रायव्हर हाओ, हमाल नाई, असं ऐकवायचे. कार्ड वाचलं. मला तेव्हा जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. सुजलेल्या कानासकट मी घाटभर गाणं गुणगुणत आले.

काही दिवसांनी सरावाच्या अहवालाची प्रत आली. मॅडमना माश्यांचं काय लिहावं हा प्रश्न पडला असणार, कारण माश्यांसाठी रकाना नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, "हल्ल्याचा प्रकार: बाह्य. मार्ग: हवाई. हल्लेखोरांची संख्या: अगणित." मी ते हमालांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्या दिवशी कोणी फारसं काम केलं नाही. शेवटी शेरा होता की तालुक्यानं आपत्तीला उत्तम तोंड दिलं, पर्यायी वाटप व्यवस्थित पार पडलं, एकही लाभार्थी वंचित राहिला नाही. मॅडमनी आपल्या शिफारशीत त्या वळणावर टॉवर हवा असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि नवल म्हणजे टॉवर आला. इतक्या लवकर आला की आमचा विश्वास बसेना. नत्थूभाऊचा बांबू निवृत्त झाला. बाजार मात्र तसाच राहिला, भजीसुद्धा.

टॉवर सुरू झाल्यावरच्या पहिल्या वाटपाला मी मुद्दाम गेले. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर नेटवर्क भरून वाहत होतं. मशीन झटपट चालत होत्या, रांग पुढं सरकत होती. लच्चूबाई आली. अंगठा पुसला, टेकवला. मशीननं क्षणभरही वेळ घेतला नाही. जुळत नाही. पुन्हा टेकवला. जुळत नाही. पूर्वी मशीन निदान विचार तरी करायची.

लच्चूबाई माझ्याकडं वळली. "बाई, आज थे खोटं खोटं नाई का?"

"नाही माय," मी म्हटलं, "आज खरं खरं आहे."

ती थोडा वेळ पोत्याची घडी चाळवत राहिली. "मंग खोट्या खोट्यात तांदूळ भेटला," ती म्हणाली, "अन् खऱ्या खऱ्यात काऊन नाई भेटत?"

साक्षीदार सगळे तिथंच उभे होते, तेच सगळे. नत्थूभाऊ खाली मान घालून मशीन पुसत होता. मी ऋता मॅडमचा नंबर लावला. एरवी तिथून मुंबईला फोन लागणं म्हणजे नशीब, पण त्या दिवशी पहिल्याच रिंगला लागला. "बोला बाई! कसा आहे टॉवर?" त्या आनंदानं म्हणाल्या. मी म्हटलं, टॉवर चांगला आहे, पण लच्चूबाईला तुम्हाला एक विचारायचं आहे. फोन म्हातारीच्या कानाला लावला. तिनं मला विचारलं होतं तेच, त्याच शब्दांत, फोनमध्ये मोठ्यानं विचारलं.

मग ती ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी फोन माझ्याकडं देत म्हणाली, "बाई तं बोलतच नाई."

लाइन तुटली असेल म्हणून मी फोन कानाला लावला. तुटली नव्हती. नेटवर्क पूर्ण होतं, मॅडम लाइनवर होत्या, आणि त्यांचा श्वास मला स्वच्छ ऐकू येत होता.